घरचा फॉर्म

१४ जानेवारी
सासऱ्यांच्या पायजम्याला आज पुन्हा रक्त. दिवाळीपासून चौथ्यांदा! भिजवला, घासला, वाळत टाकला. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला, संदेशलासुद्धा नाही. सुनेनं विचारायचं तरी कसं — आबा, लघवीतून रक्त जातं का? शी!

२० जानेवारी
आशा सेविका म्हणून भाजे गावभर आरोग्य तपासणीचे फॉर्म घेऊन फिरते. परक्या म्हाताऱ्यांना लघवी-संडासचं बेधडक विचारते. आमच्या घरचा फॉर्म मात्र स्वयंपाकघरात बसून भरला. आबांना न विचारताच. सगळीकडे 'नाही'.

३ फेब्रुवारी
आबांची कंबर फार दुखते. संदेश आणि मी त्यांना लोणावळ्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "लघवीतून रक्त?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत खाली बघत बसले. "न्हाई," ते म्हणाले. आतून तपासायचं म्हटल्यावर तर त्यांनी पायजमाच घट्ट धरला. शेवटी डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या शंकेनं रक्ताची तपासणी लिहून दिली — पीएसए.

५ फेब्रुवारी
पीएसए अगदी कमी! संदेशने पेढे आणले. मी दोन खाल्ले. रक्ताचं ठाऊक असून खाल्ले.

९ मार्च
आबांची लघवीच बंद झाली. कळवळत होते. नळी घालून पुण्याला हलवलं. बायोप्सी केली.

१८ मार्च
स्मॉल सेल म्हणे. प्रोस्टेटचाच कॅन्सर, पण दुर्मिळ आणि भयंकर वेगाचा. यात पीएसए बऱ्याचदा वाढतच नाही, त्या एका आकड्यावर विसंबून चालत नाही, असं पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. यकृतापर्यंत पोचलाय. केमो लगेच सुरू करणार. बरं व्हायला नाही, थोडे दिवस मिळावेत म्हणून. "लघवीतून रक्त कधीपासून?" त्यांनी विचारलं. संदेश म्हणाला, "कधीच नाही." मी तिथेसुद्धा गप्प! जीभ झडली होती का माझी?

१९ मार्च
सकाळीच जाऊन डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. "तेव्हाच कळलं असतं तर..." एवढंच म्हणून त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग संदेशलाही सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं. गावाला शिकवायला निघालेली मी, घरात साधं तोंड उघडता आलं नाही.

२६ मार्च
पहिला केमो. संदेश औषधं आणायला गेला तेव्हा आबांचे पाय धरून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "मला ठावं व्हतं तू बगतीस ते. म्हनून तर कापडं तुज्याच बादलीत टाकायचो. माज्या तोंडातून निगत न्हवतं, पोरी. वाटायचं, तू तरी संदेशला सांगशील."