वॉशिंग मशीन, चौसष्ट पानं, साठ वॅट

६ एप्रिल, रविवार. सकाळी ५.४०. भद्रावती.
निघालो. सायकल. मागच्या कॅरियरवर साठ वॅटचं घडीचं सोलर पॅनेल. पिशवीत लॅपटॉप. काम: एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर, चौसष्ट पानं. मुदत शनिवार, संध्याकाळी पाच. गडचिरोलीच्या जंगलात, धानोऱ्याच्या पुढपर्यंत सायकल, उन्हाची वीज, झाडाखाली ऑफिस. रोज अकरा पानं सहज. नियम एकच: भिंतीतली वीज घ्यायची नाही. एकदाही नाही.

बायको, भाग्यश्री, दारात उभी राहून म्हणाली, घरी प्लग आहे, टेबल आहे, कूलर आहे, मंग जंगलात काऊन? म्हटलं, घरी एकाग्रता होत नाही. म्हणाली, हे बाकी खरं आहे, मागचे दोन क्लायंट तुम्ही घरी बसूनच घालवले. मग म्हणाली, हा तिसराही गेला तर सोमवारपासून प्रफुलच्या चक्कीवर बसा. प्रफुल म्हणजे तिचा भाऊ. चार वर्षांपासून मला दळणाचे डबे मोजायला बोलावून राहिला आहे. चक्कीवर मी, भुवयांपर्यंत पीठ. शक्यच नाही.

६ एप्रिल. सायंकाळी. चंद्रपूर.
सकाळी १००% होतं (घरच्या प्लगवर, नियम घराबाहेर लागू). आता ६१. चार्जिंगची नोंद ठेवायला एक्सेल शीट केली. आठ कॉलम. शिस्त हवी. उद्या बावीस पानं करून आजची तूट भरून काढतो.

७ एप्रिल. दुपार. मूल रोड.
चार्जिंग शून्य. कारण सापडलं, म्हणजे प्रश्न सुटलाच. मी पूर्वेकडे चाललोय. सकाळी सूर्य समोर, मी मध्ये, पॅनेल मागे. चाळीस किलोमीटर माझीच सावली वाहून नेली.

टपरीवाल्या शालिकरामभाऊंना आकृती काढून समजावलं. त्यांनी चहा गाळता गाळता ऐकलं. म्हणाले, सोपं आहे जी. तोंड भद्रावतीकडे करा, मंग बराबर ऊन पडन. बाकावरचे दोघं हसले. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

निर्णय: उद्यापासून सायकल दुपारी चालवायची. सूर्य पाठीशी.

८ एप्रिल. रात्रीच्या जेवणाआधी. मार्कंडा.
दुपारी सायकल चालवली. त्रेचाळीस अंश. पॅनेलला भरपूर ऊन. लॅपटॉपलाही. स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं आणि तो बंद पडला. ओला टॉवेल गुंडाळला. टॉवेल दहा मिनिटांत वाळला. मग युक्ती: पॅनेल उन्हात, लॅपटॉप सावलीत. मधली वायर एक मीटर. सावली सरकते. चार तास मी सावलीच्या मागे बूड सरकवत होतो. १४% मिळाले. नोंदी करताना १३ गेले. निव्वळ नफा एक टक्का. उंटाच्या तोंडात जिरं का होईना, पण उन्हाचं जिरं.

भाषांतर डोक्यात चालू आहे.

९ एप्रिल. सकाळ. मार्कंडा.
धर्मशाळेचे राखणदार सोमाजी. प्लग दाखवून म्हणाले, पिन लावा जी, लाजू नका, देवाची वीज आहे. त्यांना नियम सांगितला. तत्त्व, निसर्ग, स्वावलंबन, सगळं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मंग पंखा बंद करू का? पंख्याला नियम लागू नाही. पंखा चालू ठेवायला सांगितलं.

सायंकाळी. गडचिरोली.
भाषांतराचं काम देणाऱ्या ऑफिसच्या मॅडमचा फोन. किती झालं? म्हटलं, चांगली प्रगती आहे. (शीटला दोन आलेख जोडले.) म्हणाल्या, शनिवारी पाच म्हणजे पाच, यावेळी सांभाळून घेता येणार नाही. आवाज शांत होता. शांत आवाजाची मला भीती वाटते. उद्या पन्नास पानं. बॅटरी १७.

१० एप्रिल. सायंकाळी. धानोऱ्यापलीकडचं एक गाव.
चैतूभाऊ आणि सोमारीबाई यांच्या अंगणात मुक्काम. दिवसभर ढग. शून्य. उद्या सकाळपासून कडक ऊन पडणार असं चैतूभाऊ म्हणाले. मोहफुलं वाळवायची असल्याने त्यांचा आकाशाचा अभ्यास पक्का आहे. उद्या सगळं एका दिवसात.

११ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२.
ऊन! अंगणाच्या मधोमध पॅनेल मांडलं, कोन मोजून. वायर जोडली. ताकद राहावी म्हणून जरा आडवा झालो.

दुपारी २.३०.
उठलो. बॅटरी ४%. पॅनेल दिसेना. त्यावर मोहफुलं, एकसारखी पसरलेली, एक बोटभर थर. मी ओरडलो. सोमारीबाई शांतपणे फुलं परतत होत्या. म्हणाल्या, हे तं लय बेस तापते जी. भुईवर दोन दिस लागते, याच्यावर आजच वारते. कोठून आणलं? चैतूभाऊ म्हणाले, दुसऱ्या खेपेले दोन आणा, एक आमाले द्या. म्हटलं, हे वीज करायचं आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोमारीबाई म्हणाल्या, मंग सांगाचं ना बापा. तुमी तं झोपले होते.

फुलं ओंजळीनं टोपलीत भरली.

फुलांचा चिकट रस पॅनेलवर बसला. धुतला. मुंग्या आल्या. पुन्हा धुतलं. तोवर ऊन कलंडलं.

सायंकाळी ६.
२%. नियम रद्द केला. संकटात नियम नसतो. चैतूभाऊंकडे प्लग मागितला. म्हणाले, प्लग हाय, वीज नाई. परवाच्या वाऱ्यानं तार पडली. कधी येईल? येते. कधी? येते म्हनलं ना भाऊ.

डोळ्यांत पाणी आलं. घाम असावा. सोमारीबाईंनी न विचारता भात वाढला.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी १०.१५. धानोरा.
पहाटे निघालो, चौदा किलोमीटर, एका दमात. सुगंधाबाईंचं झेरॉक्सचं दुकान. हातापाया पडलो. त्यांनी मशीनशेजारचा प्लग दिला. लॅपटॉप चालू करत नाही. आधी पूर्ण भरू दे. घाई नडते.

दुपारी १२.४०.
१००%. घर सोडल्यापासून पहिल्यांदा. फाइल उघडली.

पान पहिलं: "अभिनंदन! आपण योग्य निवड केली आहे." झालेलं. पान दुसरं: फक्त मथळा. पुढे इंग्रजी, चौसष्टपर्यंत.

एक्सेल शीटमध्ये चौदा कॉलम.

हिशेब: चार तास वीस मिनिटं, त्रेसष्ट पानं. पानाला चार मिनिटं. वीज भरपूर. जमेल.

४.५०.
नऊ पानं. कपडे धुण्याच्या आधी खिसे तपासावेत, इथपर्यंत आलो. मॅडमचा फोन. म्हटलं, बॅटरीचा मोठा प्रश्न होता. त्यांनी विचारलं, आता किती आहे? म्हटलं, शंभर. मग म्हणाल्या, असू द्या, उरलेलं आता नको. पुढचं कामही नको. नीट बोलल्या. धन्यवादही म्हणाल्या.

५.४०.
भाग्यश्रीला अजून कळवलेलं नाही. सुगंधाबाईंनी विचारलं, झालं का चार्जिंग? म्हटलं, झालं. म्हणाल्या, मंग पिन काढा ना भाऊ, मले मोबाईल लावाचा आहे. म्हटलं, बाई, अजून पाच मिनिटं.

लॅपटॉप बंद करून अर्धा तास झाला होता.