फोनातली मोटार

११ सप्टेंबर, मंगळवार
आभाळ भरून आलं आणि गेलं. कापूस अजून गुडघ्याच्या खालीच. सकाळी बी.पी.ची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून घेतलीच नाही. आता दिवसभर तोच घोर.
सूनबाई सविता केजहून दुपारच्या गाडीने आली. मोटार-दुरुस्तीचा वर्ग लावलाय तिने. चहा पिताना सहज म्हणाली, "आज तीन मोटारी जाळल्या मामा." माझ्या हातातली बशी कलली. म्हटलं, भरून कोण देणार? पदर तोंडाला लावून हसली. संगणकातल्या मोटारी आहेत म्हणे. जळतात, धूर निघतो, मग सर दुसरी देतात.
असलं कसलं शिक्षण.

१५ सप्टेंबर, शनिवार
तेच सगळं आता पोराच्या, दत्ताच्या फोनात घालून आणलंय. पडद्यावर विहिरीवर असते तशी स्टार्टरची पेटी. हिरवं बटन, लाल बटन, तीन फ्यूज. आत कुठेतरी बिघाड लपवलेला असतो. मीटरच्या वायरी बोटाने ओढून इथे तिथे लावायच्या आणि तो हुडकायचा.
"तुमी बी करून बघा मामा."
मी हिरवं बटन दाबलं. मोटार नुसती घुं घुं करत राहिली आणि जळाली. सविता म्हणाली, विजेच्या तीन फेजांपैकी एक गेलेली होती, आधी ते बघायचं असतं. पुन्हा केलं, पुन्हा जळाली. जेवण गेलं नाही. ताट सारलं तर आमची ही म्हणाली, "अवं, मोटार खोटी जळाली, अन् भाकर खरी कशापायी टाकता?"

२१ सप्टेंबर, शुक्रवार
मुकादम येऊन गेला. दसरा झाला की ऊसतोडीची गाडी निघणार. दत्ता-सविताचा, नवरा-बायको मिळून एक, असा कोयता धरलाय त्याने. दत्ताने चाचरत विचारलं, मी एकटा आलो तर? मुकादम म्हणाला, "एकटा म्हंजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्यानं ऊस तुटत असता तर मी लगीन कशाला केलं असतं बे?" सगळे हसले. दत्ता हसला नाही.
आमच्या पाणी-उपसा संस्थेचा मोटार चालवणारा पुण्याला निघून गेलाय. यंदा शेतीचा उपसा बंद, विहिरीचं पाणी फक्त प्यायला. तरी मोटारीवर माणूस लागतोच. ती जागा सविताला मिळाली तर दोघं गावात राहतील, त्यांच्या चिमीची शाळा राहील. नाहीतर पोरीला फडावर न्यावं लागेल. आमच्या हिला दिसत नाही नीट, मला घाबरायला होतं, आमच्याजवळ कशी ठेवणार.
चेअरमन म्हणाले, नवरात्रात विहिरीवर परीक्षा घेऊ. बिघाड आम्ही करू, तिनं काढायचा. मीही संचालक आहे, किती वर्षं झाली. मीटिंगला जातो, सही करतो, चहा पितो. बोललो कधी नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार
तीन दिवस मनात होतं, आज बोललो. म्हटलं बाई, फोनात शॉक बसत नाही. भीती मेली की माणूस मरतो.
ती म्हणाली, "बसतो मामा. मेन स्विच न वढता हात घातला की पडदा लाल व्हतो अन् पयल्यापासून करावं लागतं. बिघाड सापडला न्हाई तर सर रागवत न्हाईत. मेन वढला न्हाई तर लई रागवतेत."
बरं वाटलं. मग वाटलं, लाल पडद्याने कोणाचं काय वाईट होतं. पुन्हा घोर.
संध्याकाळी तिने घरातला बल्ब बदलायला सगळा मेन बंद केला. हिची मालिका चालू होती. "एका बल्बासाठी सगळ्या घराला सुतक," म्हणत ही ओसरीत जाऊन बसली.

६ ऑक्टोबर, शनिवार
विहिरीवर गेलतो. सविताला पेटी उघडून दाखवायची म्हणून चेअरमनला विचारून. दत्ता बरोबर. लाईट गेलेली होती.
आमच्याकडे पद्धतच आहे. मोटारीचं काम निघालं की लाईट जाण्याची वाट बघायची, गेली की हात घालायचा, यायच्या आत उरकायचं. मेन कोणी ओढत नाही. त्याची मूठ गंजलेली, लाईट नसताना ओढायची कशाला. मीही म्हटलं, लाईट नाही, घे बघून पटकन.
ऐकलं नाही. दोन्ही हातांनी मेन खाली ओढला, फ्यूज काढून पिशवीत टाकले, मग टेस्टर प्रत्येक स्क्रूला लावला. बांधावर चार जण बसलेले. एक म्हणाला, "लाईट न्हाई त्याला टेस्टर लावती. मेलेल्याची नाडी बघती का काय बे?"
दत्ता मान खाली घालून उभा. घरी येताना म्हणाला, "अण्णा, परीक्षेला असं केलं तर हसतेत लोकं." मला त्याचं पटलं. आणि पटलं नाहीही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
परीक्षा झाली. नीट लिहितो.
सगळे संचालक, निम्मं गाव. टाकीखाली बायका घागरी लावून बसलेल्या, सकाळपासून पाणी नाही. चेअरमनने तालुक्याहून वायरमन आणून पेटीत बिघाड करून ठेवलेला. लाईट गेलेली. चेअरमन म्हणाले, "लाईट यायच्या आत काढ. लाईट आली की मोटार चालू झाली पायजे, बायका खोळंबल्यात." पेटीला ऑटो लावलेलाच असतो आमच्याकडे, लाईट आली की मोटार आपोआप सुरू.
सविताने मेन ओढला. फ्यूज पिशवीत. टेस्टर. मागून कोणी नाडीचं बोललं. मग मीटर लावून एकेक वायर. सगळं घट्ट. तिच्या कपाळावर घाम. असला बिघाड फोनात नव्हता हे मला तिच्या मानेवरून कळत होतं. चेअरमन घड्याळ बघत होते. मला लघवीला आलेली, पण हललो नाही.
तेवढ्यात पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडला. वेळ नव्हती तरी लाईट आली. बायका उठल्या, घागरी खणखणल्या. "आली की लाईट, लाव ना मोटार." सविता मान वर न करता म्हणाली, "सापडला न्हाई अजून." तिचा हात मनगटापर्यंत पेटीत होता.
मी त्या हाताकडे बघत राहिलो. बाकी सगळे टाकीकडे बघत होते.
मग ती म्हणाली, "हितं तुटतंय." मोटार बंद करायच्या लाल बटनाच्या मागे कागदाचा कपटा घातलेला, कोणी दाबलेलं नसताना दाबल्यासारखं. कपटा काढला. फ्यूज बसवले, मेन वर केला, आणि लाईट गेली.
बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. एक जण माझ्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या सुनंच्या शाळेपायी पोरं तहानली." खरंच होतं. चेअरमन म्हणाले, पास म्हणावं तर मोटार फिरली नाही, मीटिंगमध्ये ठरवू.
सविता जेवली. मला गेलं नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार
सविताला विचारलं, लाईट आली तेव्हा कळलं का गं? म्हणाली, कळलं, गिरणी ऐकली. भीती वाटली का? "न्हाई. मेन खाली व्हता ना." एवढंच. आणि पीठ मळायला बसली.
मेन वर असता तर. नको लिहायला.

२० ऑक्टोबर, शनिवार
मीटिंग. दत्ताने मुकादमला अजून हो-नाही सांगितलेलं नाही. गाडी उद्या सकाळी.
चेअरमन म्हणाले, बाई हुशार हाय, पण लई हळू. एवढा वेळ लावला तर गाव तहानंल. दोघं-तिघं हो म्हणाले. उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते गेलं. एवढंच आलं, "हात आत व्हता तिचा. लाईट आली तवा."
कोणाला कळेना. चेअरमन म्हणाले, "अण्णा, घरच्या माणसानं बोलू न्हाई, बसा."
बसलो नाही. का ते माहीत नाही.
मग कोपऱ्यातला संचालक, तोच तो नाडीवाला, हळू म्हणाला, "अण्णा खरं म्हणतेत. ऑटो लावलेला व्हता. आपल्यापैकी कुणी असता तर लाईट नसताना तसाच हात घातला असता." चहा आला, तो कोणी उचलेना.
चेअरमन शेवटी म्हणाले, "बघा, मला मोटार फिरलेली दिसली पायजे. उद्यापासून लाईटची पहाटंची पाळी हाय. लाईट आली की चालव म्हणावं, टाकी भरली तर जागा तिची." मी म्हटलं, उद्या गाडी आहे. ते म्हणाले, "मग गाडीच्या आत लाईट येऊ द्या. ते काय माझ्या हातात हाय?"
घरी सांगितलं. सविताने टेस्टर पिशवीत टाकून ठेवला. दत्ता म्हणाला, टाकी भरायला अडीच-तीन तास लागतात, गाडी थांबणार नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार
अंधार असतानाच सविता विहिरीवर गेली. एकटी कशी जाईल म्हणून मी निघालो, तर दत्ता उठला. "तुमी थांबा अण्णा, मुकादम आला तर सांगाया माणूस पायजे." मी विचारलं, काय सांगू? त्याने पायात चपला घातल्या, बॅटरी घेतली. "सांगा विहिरीवर हाय म्हणून."
गाठोडं अर्धं बांधून ओसरीत पडलंय. चिमी त्यावर डोकं ठेवून झोपली आहे. ही मोकळ्या घागरी दारात मांडून बसली आहे, नीट दिसत नसताना मोजते आहे.
पूर्वेला फटफटतंय. वेशीजवळ गाडीचा हॉर्न वाजला. लोक गोळा होताहेत, कोणी दत्ताचं नाव घेऊन हाक मारतंय.
लाईट आलेली नाही, गिरणी अजून बंद आहे. मी ऐकतोय.