झुंबराचे कोरडे वजन

घडलेली हकिकत, क्रमाने:

१. लग्नाच्या दालनात मुख्य टेबलावर फुलांचे गोल झुंबर टांगायचे होते. सांगाडा आणि वजनाचा हिशेब माझा, जोडकाम वेल्डरकाकांचे, फुले माझ्या थोरल्या भावाची.

२. माझ्या आराखड्यात प्रत्येक देठ पाण्याच्या छोट्या नळीत होता.

३. नळ्यांऐवजी हिरव्या फोमच्या विटा बसवल्या गेल्या. कोरडी वीट पावासारखी हलकी असते. पाणी प्यायली की उचलताना मनगट वाकते.

४. झुंबर कोरडेच वर चढवले, त्यामुळे चढवताना कोणाला जड लागले नाही. नंतर शिडीवरून त्याला पाणी घातले.

५. मी टेबलांवरचे सेंटरपीस तपासत होते. पांढऱ्या टेबलक्लॉथवर वरून पाण्याचा थेंब पडला. तिथे पाणी पडायचे काही कारण नव्हते, म्हणून मी झुंबराखाली जाऊन वर पाहिले.

६. एक कडी उघडली आणि झुंबर खाली आले. पाहुणे अजून आले नव्हते. खाली मी एकटीच होते.

७. दालनाच्या मॅनेजरने तुटलेली कडी पाहिली आणि दोष वेल्डरकाकांवर ठेवला. माझा भाऊ शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही.

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, शिक्षणाने स्थापत्य अभियंता, व्यवसायाने लग्नांची आणि मेजवान्यांची सजावट उभी करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. कमरेखाली काही कळत नाही आणि पाठीच्या जखमेत पू झाला आहे. शुक्रवारी पुन्हा शस्त्रक्रिया आहे. "प्रयत्न करू," असे सर्जन म्हणाले. मी विचारले, "कितपत आशा आहे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मला ते उत्तर पुरेसे आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. दडपण आणायला कोणी येतही नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम १. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील शिल्लक आईला. आई सध्या दादाकडे राहते. तिने तिथेच राहावे की माझ्या घरी यावे, हे तिचे तिने ठरवावे. कोणी ठरवून देऊ नये. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे. टाकीचा नळ बदलला की ती थांबेल. नळ आणून ठेवलेला आहे.

कलम २. बाबांची फुलांची कात्री आईला. बाबा गेले तेव्हा दादाने दुकान घेतले आणि मी कात्री घेतली, आणि दुसऱ्याला जास्त मिळाले असे दोघांनाही वाटत राहिले. त्याआधीची एक गोष्ट इथे लिहायला हवी. एकाच मुलाची फी भरता येणार होती. दादा म्हणाला होता, "हिला पाठवा. माझी बोटं फुलांतच बरी." हे मी विसरलेले नाही. तोही विसरू देत नव्हता.

कलम ३. काचेच्या फुलदाण्या, उंच आणि बुटक्या, आईने वाटेल त्याला द्याव्यात. घेणाऱ्याला एवढे सांगावे की टेबलावरची सजावट बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली राहिली पाहिजे, नाहीतर डोक्याच्या वर गेली पाहिजे. मधल्या उंचीची सजावट कितीही सुंदर असली तरी समोरच्याचे तोंड दिसत नाही. दादाच्या बऱ्याच सजावटी मधल्या उंचीच्या होत्या, आणि लोक त्यांचेच फोटो काढत.

कलम ४. लटकवून वजन करायचा काटा दादाला. तो मला मोजपट्टी म्हणत असे. "ए मोजपट्टी, फुलं डोक्यात पडून मेलंय का गं कधी कोणी?" हे तो प्रत्येक लग्नात विचारायचा. सगळे हसायचे. मीही हसायचे. काटा चालू आहे, सेल नवे घातले आहेत.

कलम ५. नट आवळायचे पाने, पक्कड, ड्रिल आणि स्टीलच्या दोरीचे सगळे सामान वेल्डरकाकांना. त्यासोबत माझे हे निवेदन: कडी सदोष नव्हती. जोड व्यवस्थित होता, मी स्वतः ठोकून पाहिला होता. फोमची वीट बादलीत ठेवून आपोआप बुडू द्यायची असते. वरून पाणी ओतले तर ती बाहेरून भिजते, आत कोरडी राहते, फुले तरीही माना टाकतात, म्हणून आणखी ओतले जाते. ते सगळीकडे सारखे मुरत नाही. झुंबर एका बाजूला कलले आणि सगळा भार एकाच कडीवर आला.

फोम होता हे मला इथे आल्यावर समजले. नर्स माझे केस विंचरत होती. म्हणाली, "ताई, हा हिरवा भुसा कसला? रंगकाम चाललं होतं का?" तिने तो कागदावर झाडून मला दाखवला. माझ्या आराखड्यात फोम नव्हता.

त्यानंतर आई आली.

"त्याच्या हातून झालं गं," ती म्हणाली. "नळ्या कमी पडल्या. फुलं माना टाकत होती, नवरीची आई सारखी ओरडत होती. त्याने पाणी घातलं."

"मग काकांचं नाव का घेतलं?"

"त्याने नाही घेतलं."

"थांबवलंही नाही."

आईने माझ्या पांघरुणाचे टोक उगीच दोनदा दुमडले. "तुम्ही दोघंही माझेच ना? मी कोणाच्या बाजूला बसू?"

"बस," मी म्हणाले. "खुर्ची एकच आहे."

ती बसली आणि रडली. मला रडता आले नाही. पाठ हलवायची नाही असे सांगितले आहे.

काकाही येऊन गेले. तुटलेली कडी त्यांनी रुमालात बांधून आणली होती. आता त्यांना कोणी टांगायचे काम देत नाही. एका दालनात तर दरवानाने आत सोडले नाही. बाबांच्या वेळेपासून ते आमच्याकडे आहेत; माझी पहिली सायकल त्यांनीच जोडून दिली होती. ते म्हणाले, "बाळ, तू शिकलेली आहेस. मला एवढंच सांग, माझं काय चुकलं?"

"काका, काहीच चुकलं नाही. कडी बरोबर होती."

"मग तुटली कशी?"

मी म्हणाले, "ते दादा सांगेल." काका दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "तो माझा फोन घेत नाही गं."

कलम ६. अंत्यविधी साधा असावा. माझ्यावर फुले घालू नयेत. आईला राहवले नाही तर तिने स्वतः बांधलेली घालावीत. दादाने सजावट करू नये. तो ती फार चांगली करील, म्हणून.

याशिवाय माझ्याकडे देण्यासारखे काही नाही. लोकांच्या चार तासांच्या सुखासाठी मी जे जे उभे केले ते त्याच दिवशी उतरवले गेले आणि फुले कचऱ्याच्या गाडीत गेली. मागे ठेवावे असे त्यातले काही उरलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे. काका साक्षीला आले असते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. आईचेही तेच. त्यामुळे माझ्या शेवटच्या कागदावर माझ्या माणसांपैकी कोणाचीच सही नाही.

(सही)

साक्षीदार १: वॉर्डातील नर्स, दिवसपाळी (सही)
साक्षीदार २: फिजिओथेरपिस्ट (सही)

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार

(पुढचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. फक्त दादाच्या प्रतीवर.)

दादा,

वकीलबाई ही प्रत आजच तुझ्या हातात देतील. सगळं वाच, मधेच ठेवून देऊ नकोस.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. फुलं सुकत होती, तू पाणी घातलंस. माझ्या पायांबद्दल मला तुझ्याकडून काहीही ऐकायचं नाही, माफीसुद्धा नको. पण काका ती कडी रुमालात घेऊन फिरताहेत. हे मी गेल्यावर वाचलं गेलं, तर काकांचं नाव धुऊन निघेल, पण ते माझ्या तोंडून. तुझ्याकडे सांगायला काहीच उरणार नाही, आणि आईला तुझ्याच घरात तुझं तोंड बघत राहावं लागेल. तू स्वतः काकांकडे गेलास, त्यांना घेऊन मॅनेजरसमोर उभा राहिलास आणि पाणी कोणी घातलं ते सांगितलंस, तर मी हे फाडून नवं लिहीन. त्यात ही हकिकत नसेल. तेवढी ताकद हातात आहे.

तू हे करशील असं मला वाटत नाही. तरी विचारते.

काकांना सांगणार आहेस का? हो किंवा नाही, एवढंच गुरुवारी दुपारपर्यंत कळव. नवं लिहायला आणि साक्षीदार बोलवायला मला संध्याकाळ लागेल. शुक्रवारी सकाळी आत नेणार आहेत. फोन हातातच आहे.