काकांचं ‘गिव्ह अप’

नागपूर,
मंगळवार, ता. ८ डिसेंबर १९३६

तीर्थरूप गणपतकाका यांस,
शामलाचा नमस्कार.

तुमचं भंडाऱ्याहून आलेलं पत्र गुरुवारी मिळालं. काकूंच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. माझी प्रकृती ठीक आहे. शाळेतली नेमणूक नव्या वर्षात कायम होईल, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

खुशाली इथे संपली. तीर्थरूप हा शब्द लिहिताना हात अडखळला, हेही सांगून टाकते.

आश्रमाच्या फाईलमधल्या कागदाबद्दल मी विचारलं, त्यावर तुम्ही लिहिता, ‘शामले, तो कागद घाईत लिहिला गेला. मला ‘गिव्ह ओव्हर’ म्हणायचं होतं, म्हणजे आश्रमाच्या स्वाधीन करतो, काही दिवसांपुरतं. हात चुकून ‘गिव्ह अप’ लिहून गेला. इंग्रजी भाषेत एका क्रियापदाला दहा शेपट्या. कुठली कुठे लावावी हे भल्याभल्यांना समजत नाही. एका अव्ययासाठी चुलत्याला गुन्हेगार ठरवू नकोस.’

एका अव्ययासाठी! काका, त्या अव्ययात माझी अठरा वर्षं गेली.

अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत बाबा आठवड्याभरात गेले. आई तापानं बेशुद्ध पडली होती. तुम्ही मला, सहा वर्षांच्या पोरीला, बोटाला धरून नागपूरच्या आश्रमात आणलंत. म्हणालात, ‘आई बरी झाली की न्यायला येतो.’ आणि आत टेबलाशी बसून तुमच्या त्या सुरेख वळणदार अक्षरात लिहून दिलंत, ‘आय हिअरबाय गिव्ह अप माय नीस.’ मी माझी पुतणी सोडून देत आहे. तिच्यावरचा सगळा हक्क सोडत आहे. नेमणुकीसाठी जन्मतारीख हवी म्हणून मागच्या महिन्यात आश्रमाची फाईल पाहिली नसती, तर तो कागद माझ्या दृष्टीस कधी पडलाच नसता.

गेल्या शुक्रवारी पाचवीच्या वर्गात मी ‘गिव्ह’च्या शेपट्यांचाच धडा शिकवत होते. वच्छला नावाची एक मुलगी आहे, फार चौकस. ती उभी राहून म्हणाली, “बाई, देनं तं एकच हाय. मंग मांगचा बारका शब्द बदलला का अर्थ काहून बदलते?”

मी फळ्यावर लिहून दाखवलं. ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत देणं, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणं. ‘गिव्ह इन’मध्ये तर द्यायचं काहीच नसतं, माणूस नमतो. आणि आपल्याही भाषेत सोपवून देणं वेगळं, टाकून देणं वेगळं, असं सांगितलं. ‘गिव्ह अप’ लिहिताना खडू मोडला. मुली हसल्या. मला हसू आलं नाही.

पाचवीतल्या पोरीला जे एका तासात कळलं, ते बावीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या तुमच्यासारख्या हेडमास्तरांना कळत नव्हतं, हे मी मानू? मानलंही असतं. काका, खरं सांगते, मला मानायचंच होतं. पण त्या फाईलमध्ये तुमचा दुसराही कागद आहे. तो तुम्ही विसरला असाल.

एकोणीसच्या मार्चमध्ये आई बरी झाली आणि तुम्हाला न विचारता एका गाडीवानाबरोबर आपल्या गावाहून, मौद्याहून, नागपूरला आली. मला मागू लागली. आश्रमाच्या मॅडमनी तुम्हाला विचारलं, मूल परत द्यावं का? तुमचं उत्तर मी पंचवीस वेळा वाचलंय. ‘प्लीज डू नॉट गिव्ह इन टू हर. शी इज गिव्हन टू फिट्स ऑफ वीपिंग.’ तिच्यापुढे नमू नका, तिला रडण्याचे झटके येण्याची सवय आहे.

एका कागदात दोनदा ‘गिव्ह’, आणि दोन्हीकडची शेपटी अगदी बरोबर! तिथे हात कसा चुकला नाही? नवरा गेलेली, लेकरू हरवलेली बाई रडते, तर तो तुम्हाला झटका वाटला. आणि ‘गिव्ह बॅक’ हे दोन शब्द तेवढे तुम्हाला त्या दिवशी आठवले नाहीत.

तुम्हाला घरात माझ्या आईचे दोन हात हवे होते, माझं एक पोट नको होतं. पुढे माझं लग्न करावं लागलं असतं तेही नको होतं. हे सरळ लिहिलं असतंत तर मला राग आला असता, पण अशी किळस आली नसती. चूक इंग्रजीची नाही, काका. ती बिचारी भाषा तुम्ही सांगाल तेवढंच बोलली.

पत्राच्या शेवटी तुम्ही विनवता, ‘वहिनीला यातलं काही कळवू नकोस, तिला सोसणार नाही.’ उशीर झाला. तुम्ही बिऱ्हाड भंडाऱ्याला नेलंत आणि घर-शेत राखायला तिला मौद्यात एकटीला ठेवलंत, हे मला ठाऊक होतं. रविवारी मी मोटारीनं मौद्याला जाऊन आले.

ती अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. केस पार पांढरे. वर पाहून म्हणाली, “कोन पायजे वं माय?”

मी म्हटलं, “मी शामला. रुपरावांची.”

तिचे डोळे वाहू लागले, पण हात तिखटाचे, पुसता येईनात. मी माझ्या पदरानं पुसले. तुमचे ते झटके मी अगदी जवळून पाहिले, काका.

मग तिनं सांगितलं. “तुया काकानं म्हनलं, इंग्रजी कागद झाला हाय, आता पोरगी वापस भेटत नाही. मले का समजते वं कागद? तरी मी आलती.”

आता जे लिहिते ते लिहिणार नव्हते. पण तुमच्यावर एवढं बोलून हे गाळलं, तर माझ्यात आणि तुमच्यात फरक उरत नाही.

आई तेवीस सालीही आली होती. मी अकरा वर्षांची होते. घरच्यांनी तुला ‘गिव्ह अप’ केलंय, हे आश्रमातल्या एका बाईंनी मला केव्हाच ऐकवलं होतं, आणि मी ते मनात घट्ट धरून होते. मॅडमनी मला फाटकापाशी नेलं. आईच्या हातात नवा परकर होता. माझं माप माहीत नाही म्हणून तिनं त्याला वाढीच्या तीन चुण्या घातल्या होत्या. मॅडमनी विचारलं, “ही तुझी आई का?” मी ओळखलं होतं, काका. पहिल्या नजरेत ओळखलं होतं. आणि मी ताठ मानेनं म्हणाले, “आय डू नॉट नो हर.” मी हिला ओळखत नाही.

आईनं चपराशाला विचारलं, पोरगी काय म्हणते? त्यानं काय सांगितलं ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. ते रविवारी कळलं. आई हसून म्हणाली, “चपराशी म्हने, पोरीची परीक्षा हाय, मंग या. मंग मी दोनदा आली. त्यायनं फाटकच उघडलं नाही. तू त्या दिवशी का म्हनली होती वं इंग्रजीत? मले मोठं बरं वाटलं होतं, माही पोरगी इंग्रजी बोलून राहिली म्हनून.”

मी खाली मान घालून तिच्याबरोबर मिरच्या खुडत बसले. संध्याकाळी मोटार आली तेव्हा ‘पुढच्या रविवारी येते’ म्हणाले आणि निघाले.

तेव्हा काका, मला तुमचं पत्र नको आणि व्याकरणही नको. येत्या रविवारी मौद्याला या. तुम्ही काय लिहिलंत आणि का लिहिलंत, ते आईसमोर बसून आपल्या बोलीत सांगा. ती चिडेल, रडेल किंवा नुसती ऐकून घेईल. जे होईल ते तिच्या देखत सोसा. तुम्ही आला नाहीत तर ते दोन्ही कागद मीच तिला मराठीत वाचून दाखवीन. मॅडमकडून मी ते मागून घेतले आहेत.

तुमचं झालं की तुम्ही उठून जाऊ नका. त्यानंतर फाटकापाशी बोललेलं माझं एक वाक्य तिला मराठीत सांगायचं आहे. ते सांगताना कुणीतरी तिच्याजवळ असावं, आणि दुसरं कुणी मला सुचत नाही.

काकूंना नमस्कार सांगावा. तुम्हाला कोणत्या शब्दांनी निरोप द्यावा, ते रविवारनंतर ठरवीन.

रुख्मिणीबाईंची मुलगी,
शामला