दोरीच्या जागेवरचा टोमॅटो

५ मार्च, रविवार
आजपासून परसात भाजी. निर्णय पक्का. मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले बंधू, काल जेवायला आले होते. हात धुता धुता म्हणाले, तुमच्या हातून साधं गवतही उगवायचं नाही. मी नुसता हसलो. रात्री डोळ्याला डोळा नाही.

सकाळी उठून परसातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली. ऊन नेमकं तिथेच येतं. बायको म्हणाली, अहो, कपडे काय डोक्यावर वाळवू? शेवटी करार झाला. जूनमध्ये मेहुणे पुन्हा येतील. त्या दिवशी ताटात परसातलं काही पडलं, तर दोरी कायमची गेली. नाही पडलं, तर दोरी परत आणि मी बागेचं नाव काढायचं नाही. बिचारी हरणार.

८ मार्च
माती चाळली. शास्त्रशुद्ध. पिठाची चाळण वापरली. बायकोला म्हटलं, धुतली की झालं. तिने ती दोन बोटांत धरून बाहेर नेऊन ठेवली.

११ मार्च
शेजारच्या डेंटिस्टचा बोका वाफ्यात घाण करून गेला. माती जितकी मऊ करावी तितकी त्याला आवडते. तक्रार केली. डेंटिस्ट म्हणाले, बोका फार चोखंदळ आहे, वाटेल तिथे बसत नाही. म्हणजे मातीचा दर्जा उत्तम. पण मला हे हाताला लागल्यावर कळलं. शी. साबण संपला, वास गेला नाही.

१२ मार्च
टोमॅटोची सहा रोपं लावली, प्रत्येकाला बांबूचा आधार. शेजारी गाजराचं बी. आता फक्त वाट बघायची.

२ एप्रिल
गाजराच्या ओळीत तण माजलं. बारीक, झालरीसारखी पानं. सगळं उपटलं. कंबर मोडली. रुंद पात्यांची जोमदार रोपं तेवढी ठेवली. पारखी नजर लागते या कामाला.

घरात मात्र वैताग. माझ्या खुर्चीवर ओली उशीची खोळ, टेबलावरच्या दिव्यावर मोजे. घरभर कुबट वास. बायको माझे कपडे माझ्याच टेबलाशी वाळत घालते. शुक्रवारी ऑफिसला दमट बनियन घालून गेलो. दिवसभर अंगाला चिकटलं होतं. तत्त्वासाठी सोसायला हवं.

२३ एप्रिल
गाजरं गुडघ्याएवढी झाली. एक उपटून पाहिलं. खाली गाजर नाही. बायकोने दारातूनच सांगितलं, ते गवत आहे.

मेहुण्यांचा आरोप तेवढ्यापुरता खोटा ठरला.

१४ मे
गोगलगायी. त्याही बिनशंखाच्या. इतका गलिच्छ प्राणी मी पाहिला नाही. एक चपलेत शिरली होती, पाय घातल्यावर कळलं. त्या उचलायला स्वयंपाकघरातला चिमटा नेला. बायकोने नवा चिमटा आणला आणि जुना मला देऊन टाकला. देताना हात लांब केला होता.

सहापैकी पाच रोपं संपली. एक रोप मी काळजीने पाणी घालून घालून कुजवलं, पण ते गोगलगायींच्याच खात्यावर धरलं आहे.

उरलेल्या रोपावर एक टोमॅटो. हिरवा. ओळख म्हणून देठाला निळी लोकर बांधली, बायकोच्या अर्धवट स्वेटरची. मला एकच पुरे. करारात संख्या ठरली नव्हती.

१० जून
उद्या मेहुणे येणार. टोमॅटो लाल झाला आहे. लिंबाएवढा, पण तेज आहे. संध्याकाळी पाहिलं तर खालून भोक, आणि आजूबाजूला चिकट, चकचकीत शेंबूड. साबणाचं पाणी मारलं. बायको खिडकीतून बघत होती. तिला म्हटलं, सकाळपर्यंत भरून येईल. तिने मान हलवली. मनातून खूश असणार. उद्या तिची दोरी परत.

११ जून, सकाळ
भरून आलं! भोक तर गेलंच, टोमॅटो दुप्पट झाला आहे. साबणाचं पाणी असं काम करतं हे लोकांना सांगायला हवं. फांदीला हिरव्या शिवणाच्या दोऱ्याने नीट बांधलेला दिसला. बायकोने वजनासाठी आधार दिला असणार. उशिरा का होईना, तिला गोडी लागली. निळी लोकर कुठे गळून पडली कोण जाणे.

११ जून, दुपार
मेहुण्यांच्या देखत तोडला. चकत्या करून, मीठ लावून ताटात. मेहुण्यांनी खाल्ला, बोटं चाटली, बहिणीला विचारलं, खरंच यांनी पिकवला? ती ताटात बघत म्हणाली, हो दादा, यांनीच. रोज मरमर करत होते. मेहुणे म्हणाले, मानलं तुम्हाला.

ते गेल्यावर मी जाहीर केलं की दोरी कायमची गेली. बायको बरं म्हणाली आणि ओली खोळ माझ्या खुर्चीवर टाकली.

१२ जून
खताची बादली उघडली. ती माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, वासाने जीव जातो. सगळ्यात वर एक टोमॅटो. लिंबाएवढा. खालून भोक, एक बाजू काळी पडलेली, आत गोगलगाय अजून खात होती. देठाला निळी लोकर.

बराच वेळ नाक दाबून उभा राहिलो. इतकी किळस या तीन महिन्यांत आली नव्हती. गोगलगाईची नव्हे.

१३ जून
दोरी बांधली. बायकोला म्हटलं, जमिनीला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते, शास्त्र आहे. ती बरं म्हणाली आणि ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघांनी पिळली.

वजनाने दोरी मधे लोंबली. टोमॅटोचा बांबू उपटून तिथे टेकू म्हणून रोवला. एका दणक्यात आत गेला. माती फार मऊ आहे तिथली.