डेग आमची, चाळण तुमची

जुन्नर
२३ डिसेंबर १९५४

लाडक्या जहाँआरा आपास,

सिताराचा सलाम. नाताळच्या सुट्टीला पुण्याहून घरी आलेय. इथं सगळे खुशाल. मंचरला तुम्ही दोघं बरे ना? कार्डात मावणार नाही म्हणून लिफाफा घेतलाय, सावकाश वाच.

आपा, मी काल घरी कुसकुस केलं! हसू नकोस. आमच्या शाळेतल्या एक सिस्टर अल्जीरियात वाढल्यात, त्यांनी हॉस्टेलवर खाऊ घातलं होतं. एकदम सिंपल. जाडा रवा परातीत पसरायचा, मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, वर थोडं पीठ भुरभुरायचं आणि बोटांनी गोल गोल चोळत राहायचं. मोहरीएवढे मोकळे दाणे होतात. मग खाली डेगेत मटण, गाजर, भोपळा, हरभरे. वर चाळणीत दाणे. रश्श्याच्याच वाफेवर शिजतात.

पण चाळण कुठली? वाटणीत डेग आमच्याकडे आली आणि तिच्या तोंडावर बसणारी तांब्याची चाळण तुमच्याकडे गेली.

गेले मागायला. तुझ्या अम्मीनं, म्हणजे चाचीनं, आधी विचारलं कुणी पाठवलं. कुणी नाही म्हटल्यावर म्हणाली, "चाळण एकटी जायची न्हाई. मी येते संगं." आणि आली की! आमच्या चुलीपाशी हाताची घडी घालून राखण करत बसली. माझी अम्मी भिंतीकडं तोंड करून कांदा चिरत होती. मधे मी, रवा चोळत.

वाफ सगळी डेग-चाळणीच्या सांध्यातून बाहेर. दाणे कच्चेच. मला रडू यायला लागलं, तर दोघी एकदमच म्हणाल्या, कणीक लाव. चाचीनं कणीक कालवली, अम्मीनं जुन्या ओढणीची पट्टी फाडली, दोघींनी मिळून डेगेला गुंडाळली. "पोरीच्या बोटांना इंग्रजी शिकवलं," चाची म्हणाली, "कणीक कोन शिकवणार?" अम्मी हसली. मग माझ्यावरून दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना. माझी काही हरकत नव्हती.

दोनदा वाफवायचं असतं, त्यात दिवेलागण झाली. तुमच्या बाजूची चूल थंड. नवाबचाचा दारात येऊन विचारतात, "आज जेवण हाय का रोजा?" आत अब्बा परातीपाशी बसलेले. मी पटकन सांगितलं की हे एकाच परातीत खायचं, सगळ्यांनी भोवती बसून, ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं. वेगळं वाढलं तर चालत नाही. (सिस्टरनी आम्हाला प्लेटमध्येच दिलं होतं. कुणाला सांगू नकोस.)

चाचा बसले. मधे दाण्यांचा ढीग, अलीकडे अब्बा, पलीकडे चाचा. दोन्हीकडून ढीग खचत गेला.

आपा, तुझं मागचं पत्र मी वाचलं, चाचीनं दाखवलं. माझे अब्बा, म्हणजे तुझे मोठे अब्बा, तुझं नाव घेत नाहीत त्या घरात बाळंतपणाला येणार नाही, असं लिहिलंयस. तुझ्या लग्नावरून वर्षभर जे चाललं त्याबद्दल मी तुला कधी काही लिहिलं नाही. अब्बांनी दुसरीकडे शब्द दिला होता, तू तुझ्या मनासारखं केलंस, चाचा तुझ्या बाजूनं उभे राहिले. अब्बा निकाहाला आले नाहीत. मी अब्बांचीच मुलगी, काय लिहिणार होते?

तर काल अब्बांनी मटणाची नळी उचलून चाचांच्या बाजूला ठेवली. आणि परातीकडंच बघत म्हणाले, "जहाँआराला कितवा?"

सगळ्यांचे हात थांबले. चाची म्हणाली, "सातवा."

अब्बांनी एक घास खाल्ला. मग चाचांना म्हणाले, "टांग्यानं आनू नको तिला. लई धक्के बसतात. यष्टीनं आन. मी येतो संगं."

चाचांनी नुसतं नाक ओढलं, आणि रस्सा तिखट झालाय म्हणाले. तिखट नव्हता गं.

दोघं रविवारी निघतायत. तू नाही म्हणू नकोस. रवा मी आणून ठेवलाय.

आणि हो, चाची काल हात हलवतच घरी गेली. चाळण आमच्या डेगेवरच आहे.

तुझी वाट बघत,
सितारा