सुटे मनुके

प्रिय समता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. फाडू नकोस, आधी वाच. आईनं पाठवलेला कडू घासाचा डबा तू मोताळ्याहून झाकणही न उघडता परत पाठवलास. सुतकात माहेरची भाकर कुणी अशी परत करतं का गं? त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलंय. मी वरवट बकाललाच तिच्याजवळ येऊन राहिले आहे. भरवायला गेले की तोंड फिरवते.

तुला वाटतं, तिनं हलगर्जीपणा केला. अगं, तुझी छकुली आजीकडे येणार म्हणून घरातला सॉस, नूडल्स, सरबताची बाटली, सगळं तिनं शेजारी देऊन टाकलं होतं. आंबटपणा राखायला, माल टिकवायला जे काही घालतात त्यातल्या कशानं तरी पोरीला दम लागतो, हे तिला कोण समजावणार? तू एवढंच सांगितलं होतंस, पाकिटातलं काही देऊ नको. तिनं तेवढीच खूणगाठ बांधली. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी दुकानदार मनुक्यांचं पाकीट देत होता, तर त्याच्याशी भांडून तिनं पोत्यातले सुटे घेतले, चांगले पिवळेधमक निवडून. पोरीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली, अजून मागितली. मनुके तसे पिवळे राहावेत म्हणून त्यांनाही गंधकाचं औषध मारतात, हे मला तरी कुठं माहीत होतं? खीर खाल्ल्यावर तिला दम लागला, तो पंपानंही आटोक्यात आला नाही. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं तेव्हा कळलं, आणि तोवर आपली छकुली गेली होती.

"पाकिटातलं एक नाई देल्लं वं माय, सुटंच आनलं," एवढंच ती भिंतीकडे पाहून म्हणत असते. ऐकवत नाही गं. मलाही राग येतो, कुणाचा करू ते कळत नाही. पोरीचा फ्रॉक अजून दोरीवर आहे. काढायची कुणाची छाती होत नाही.

आज डॉक्टर म्हणाले, आता सलाईनलाही शीर सापडत नाही, घरीच ठेवा. म्हणून आपल्या काकांच्या देवानंदच्या हाती हे पत्र पाठवते. त्याच्याच गाडीवर बसून ये. माफ कर असं मी म्हणणार नाही, लेक तुझी गेली, मी कोण सांगणारी? शिव्या द्यायला ये हवं तर. पण तिला भरवू नकोस, ती खाणार नाही. तिच्या हातचा एक घास तू खा. तिला हात उचलवत नाही, तो मी धरीन.

तुझीच,
धम्मशीलाताई